लिंबावरील सिला आणि पिवळी पाने : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरून लिंबाला नवती फुटू लागली की या एकाच किडीविषयी तीच ती पत्रे येतात, म्हणून काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : लिंबावर उड्या मारणारी कीड म्हणजे आंब्यावरचे तुडतुडेच का? (पेडणे)

नाही. लिंबावर उड्या मारणारी ही कीड म्हणजे सिला; ती मावा, पांढरी माशी आणि खवले कीड यांच्या गोतातली आहे.

प्रश्न : सातवीणीच्या पानांवर गाठी आल्या आहेत. त्या शेजारच्या लिंबावर पसरतील का? (सत्तरी)

पसरणार नाहीत. सिलाच्या सुमारे ४,००० प्रजाती नोंदल्या गेल्या असून बहुतेकींचा संसार एकाच किंवा जवळच्या नात्यातील वनस्पतींवर चालतो. सातवीणीवर गाठी करणारी सिला निराळी आणि लिंबावरची 'डायफोरिना सिट्री' निराळी. २०२१च्या वर्गीकरणात सिलाची सात कुळे मानली असून लिंबावरची सिला लिव्हिइडी कुळातून सिलिडी कुळात आली आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तिचे कूळ वेगळे दिसेल.

प्रश्न : लिंबाची पाने पिवळी पडली आहेत. दुकानदाराने दिलेले टॉनिक तीन महिने फवारले, गुण नाही. आणखी किती दिवस फवारावे? (फोंडा)

आजच थांबवावे. पान न पाहता टॉनिकची बाटली हाती देणे हा निव्वळ धंदा आहे, आणि त्यात गेलेले तीन महिने मला सर्वांत जास्त खुपतात. एक पिवळे पान मधल्या शिरेवर दुमडून पाहा. जस्ताच्या कमतरतेत पिवळेपणा दोन्ही अर्ध्यांवर साधारण सारखा असतो. डाग जुळत नसतील आणि फळे लहान, एका अंगाला वाकडी होत असतील, तर ग्रीनिंग या रोगाची शंका घ्यावी. हा रोग झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहणाऱ्या जिवाणूमुळे होतो आणि सिला तो झाडाझाडांवर नेते. रोगट झाडावर वाढलेले पिल्लू प्रौढ झाले की आयुष्यभर रोग पसरवू शकते. फ्लोरिडात ही कीड १९९८ मध्ये आणि रोग २००५ मध्ये आढळला, आणि पुढे तेथील संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. झाड पुन्हा निरोगी करणारे औषध आजही नाही. तरीही केवळ डोळ्यांनी पाहून झाड तोडू नये, कारण निदान पीसीआर चाचणीनेच (प्रयोगशाळेत जिवाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीने) पक्के होते. याच आठवड्यात विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारणा करून, ते सांगतील त्या पद्धतीने नमुना द्यावा.

प्रश्न : दारातला कढीलिंब तोडावा का? (मडगाव)

नको. मात्र सिला त्यावरही वाढते, म्हणून कोवळे शेंडे भिंगाने पाहावेत. पिवळसर, बदामाच्या आकाराची अंडी, पांढऱ्या मेणचट तंतूंसह बसलेली चपटी पिल्ले किंवा शेपटीकडचा भाग वर उचलून तिरके बसलेले तीन-चार मिलिमीटरचे प्रौढ दिसले, तर शेंडा खुडून नष्ट करावा आणि त्या झाडाची रोपे बागायतीत नेऊ नयेत.

प्रश्न : दर आठवड्याला कीटकनाशक मारावे, असे शेजारी म्हणतात. (काणकोण)

ऐकीव सल्ल्यावर मारू नये. टॅमॅरिक्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी सिलाच्या पिल्लाखाली अंडे घालते आणि तिची अळी त्या पिल्लाला संपवते. वाळलेल्या पिल्लांच्या पाठीवर गोल भोके दिसली, तर ती तुमच्या बागेत काम करीत आहे आणि सरसकट फवारणीत तीही मरेल. औषध, मात्रा आणि वेळ कृषी अधिकाऱ्यांना नवती दाखवूनच ठरवावी.

प्रश्न : रस्त्याकडेला स्वस्त मिळणारी लिंबाची कलमे घ्यावीत का? (सांगे)

घेऊ नयेत. कलमाचा डोळा कोणत्या मातृवृक्षाचा आणि त्या झाडाची रोगचाचणी झाली आहे का, हे विक्रेता सांगू शकत नसेल, तर ते कलम फुकटही आणू नये.