कोणता तुकडा ठेवायचा, कोणता टाकायचा

तुकडे जोडून गोधडी शिवायची, तर उरलेल्या कापडातलं काय ठेवायचं? आधी शिलाईचा हिशोब बघा. प्रत्येक बाजूला पाव इंच शिलाईत जातं, म्हणजे दीड इंचाचा चौकोन शिवल्यावर जेमतेम एक इंच दिसतो. एक इंचाचा तुकडा अर्ध्यावर येतो! नवख्या हाताला दीड इंचाखालचं काही ठेवू नका. पट्टी असेल तर एक इंच रुंदीही चालते, पण लांबी निदान सहा इंच हवी. तीही कागदाच्या आधारावर शिवायला.

मापापेक्षा धाग्याची दिशा महत्त्वाची. तुकडा दोन्ही हातांत धरून हलका ओढा. रबरासारखा ताणला तर कड तिरकी कापलेली आहे. असे तुकडे इस्त्रीखाली वाकडे होतात आणि ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला चौकोन, नीट बसत नाही. स्टार्च मारून इस्त्री दाबून ठेवा, सरकवू नका, मगच कापा. कापडाची घट्ट विणलेली किनार मात्र कापूनच टाका. धुतल्यावर ती वेगळी आटते आणि शिवण गोळा होते.

ठेवायचे ते त्याच दिवशी दीड, दोन, अडीच इंचांत कापा. न कापलेला ढीग कुणी उपसत नाही. विरळ, उसवणारं कापड सरळ बाद. सुती आणि ताणणारं होजिअरी एका डब्यात नको. अगदी बारीक चुरा उशीत भरा, टाचण्या तपासून.