निवडणुकीच्या निकालानंतर आमचा फुटबॉलचा ग्रुप फुटला. ‘राजकारण बंद’ असा नियम करावा का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही वीस-बावीस जण वर्षानुवर्षं एकत्र मॅच बघता, लोकसभेच्या निकालानंतर जुंपली, पाच जण निघून गेले आणि आता उरलेल्यांनी ‘इथे फक्त फुटबॉल’ असा नियम करायचं चाललंय. आम्ही हा नियम केला होता. पाच दिवस टिकला. केला मी आणि मोडलाही मीच.

मी भुसावळचा. रेल्वेचं गाव असल्यामुळे इथे कुठून कुठून आलेली माणसं आहेत, आणि क्रिकेटच्या गर्दीतही फुटबॉल तग धरून आहे. आमच्या मैदानावर गवतापेक्षा खडी जास्त, पण संध्याकाळी पोरं असतातच. आम्ही एकोणीस जण. काही रेल्वेतले, दोन मास्तर, एक मेडिकलवाला, रावेरकडचे केळीवाले आप्पा, धुळ्याकडून बदलून आलेला एक जण ज्याच्या घरी कांदा आहे, आणि आमचा कीपर, जो नोकरी सांभाळून पोरांना गोलकीपिंग शिकवतो. मॅच बघायची ती रिटायर्ड गार्ड काकांच्या गच्चीवर. काका मूळचे खडगपूरचे, कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबचे कट्टर. क्लब प्रत्येकाचा वेगळा, भारताची मॅच मात्र सगळ्यांची.

१ जून २०२४ ची रात्र आठवा. संध्याकाळी मतदानाचा शेवटचा टप्पा संपला, एक्झिट पोल आले, आणि साडेबाराला वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगची फायनल. आम्ही दहालाच गच्चीवर. उकाडा असा की कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता. पहिल्या हाफमध्ये डॉर्टमुंडने माद्रिदला दमवलं, गोल मात्र केला नाही. मग माद्रिदच्या कार्वाहालचा गोल, मग व्हिनिसियसचा, आणि २-०. आमच्यातला एक जण म्हणाला, “एक्झिट पोल म्हणजे पहिला हाफ असतो भो, उड्या मारू नका.” सगळे हसले, भाजपच्या ‘चारसो पार’वालेही हसले. तोवर सगळं ठीक होतं.

४ तारखेला भाजप २४० वर थांबला आणि इतके दिवस गप्प असलेल्यांना कंठ फुटला. व्हॉट्सॲप ग्रुपवर आप्पांना स्टिकरांवर स्टिकर. “चारसो पार कुठल्या स्टेशनला उतरलं?” आप्पा हसून घेत होते. मग ज्याच्या खात्यात दर महिन्याला पगार पडतो अशा एकाने लिहिलं, “किसान सन्मानच्या दोन हजारांत मत विकलं की असंच होतं.” आप्पांनी दोन ओळी लिहिल्या, त्यात तीन शिव्या होत्या, आणि ग्रुप सोडला. कांदेवालाही दुखावला होता, पण त्याचं दुखणं जुनं. निर्यातबंदी डिसेंबर २०२३ मध्ये लागली आणि उठली ती ४ मेला, प्रचार ऐन रंगात असताना. घरातला कांदा कोणत्या भावाने गेला ते तो सहा महिने सांगत होता. आम्ही “मॅच बघ ना” म्हणायचो.

आता माझं. आमच्याकडे जळगाव आणि रावेर भाजपकडे राहिले, नंदुरबार काँग्रेसकडे गेलं. धुळ्याची मोजणी शेवटपर्यंत लटकली होती. तिथे भाजपचा उमेदवार पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे, आणि एकट्या मालेगाव मध्यने ती सगळी आघाडी खाऊन टाकली. काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. मी लिहिलं, “मालेगावचा गोल व्हीएआरला पाठवा.” व्हीएआर म्हणजे वादातला गोल व्हिडिओवर पुन्हा तपासणारा रेफरी. मला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं. खाली एकाने लिहिलं, “परदेशी खेळाडूंचा कोटा ओलांडला.” मी त्यावर हसणारा चेहरा टाकला.

आमच्या कीपरची सासुरवाडी मालेगावची. तो मुसलमान आहे हे इथे सांगावं लागतंय याचीच मला लाज वाटते, कारण त्या दिवसापर्यंत ग्रुपमध्ये ते कधी सांगावं लागलं नव्हतं.

यावर मी नंतर बराच विचार केला. डिवचणं ही फुटबॉलवाल्यांची बोलीच असते. आमच्या बार्सावाल्याला, म्हणजे बार्सेलोनाच्या चाहत्याला, कित्येक वर्षं आम्ही ‘आठ-दोन’ अशी हाक मारतोय, बायर्न म्युनिकने २०२० मध्ये त्यांना धुतल्यापासून. तो त्याच नावाला ओ देतो. कारण बार्सा त्याने टीव्हीवर बघून निवडलाय, आणि पुढच्या वर्षी आमच्यापैकी कोणाचं तरी नाक कापलं जाणार हे त्याला ठाऊक आहे. सासुरवाडी, नाव, शेत, गल्ली या गोष्टी कोणी टीव्हीवर बघून निवडत नाही. आम्ही तीच बोली, तेच शब्द, ऑफसाइड न् कोटा न् व्हीएआर, उचलून मतमोजणीवर नेले. लिहिणाऱ्याला ती मॅचची मस्करीच वाटत होती. ऐकणाऱ्याला ‘तुझं मत मोजायचं नाही’ असं ऐकू आलं. आणि खरं सांगायचं तर कोट्याच्या विनोदाचा दुसरा काही अर्थ निघतही नाही.

५ तारखेला सकाळी मी ॲडमिन या नात्याने नियम टाकला: आजपासून राजकारण बंद, फक्त फुटबॉल. सतरा अंगठे आले. मला वाटलं, मिटलं.

६ जूनला भारताचा कप्तान सुनील छेत्रीची शेवटची मॅच, कोलकात्यात कुवेतशी. (पुढे मार्च २०२५ मध्ये तो परत आला. निवृत्ती मागे घेण्यात तोही शेवटी पुढाऱ्यांसारखाच निघाला.) एकोणीसपैकी सात जण आले. ०-०. छेत्री हात जोडून मैदानाला फेरी मारत रडत होता आणि गच्चीवर मधल्या खुर्च्या रिकाम्या. काकांनी टीव्ही बंद केला, चहा केलाच नाही. असं त्यांच्याकडे कधी होत नाही.

९ तारखेला शपथविधी झाला, आणि आमच्याच रावेर मतदारसंघाच्या खासदार रक्षा खडसे क्रीडा राज्यमंत्री झाल्या. १० ला खातं कळल्याबरोबर मी ग्रुपवर लिहिलं, “आता आपल्या मैदानावर गवत मागून घ्या!” मागण्यांचा पाऊस पडला. लाइट, जाळ्या, पोरींची टीम. कोणी ‘नियम’ म्हटलं नाही. मलाही आठवला नाही.

११ तारखेला दोह्यात कतारशी मॅच. आपल्या छांगतेने गोल केला, आपण ७३ मिनिटांपर्यंत पुढे. मग तो गोल. आपला गोलकीपर गुरप्रीतच्या हातून निसटलेला चेंडू रेषेच्या बाहेर गेलेला साऱ्या दुनियेला दिसला, कतारच्या खेळाडूने तो आत ओढला, आणि रेफरीने गोल दिला. त्या फेरीला व्हीएआर नव्हता. त्यातून आपण सावरलोच नाही, २-१ हरलो, विश्वचषकाच्या पात्रतेतून बाहेर. ग्रुपवर आग लागली होती. त्यात सात दिवस गप्प असलेल्या आमच्या कीपरची एक ओळ आली:

“आता व्हीएआर पाहिजे होता, नाही का?”

बस, एवढंच. त्याखाली कोट्यावाल्याने लिहिलं, “नियम!” आणि कीपर ग्रुपमधून गेला.

आदल्या दिवशी मंत्र्यांकडे गवत मागताना नियम नव्हता, आणि गोलबद्दल बोलणाऱ्याला नियम लागला. मी तिथे ॲडमिन होतो आणि गप्प बसलो.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, की खेळ आणि राजकारण वेगळं ठेवता येतं का. कसं ठेवणार? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष कल्याण चौबे स्वतः जुने गोलकीपर, आणि भाजपचे उमेदवार म्हणून निवडणुका लढलेले. २०२२ मध्ये त्यांनी अध्यक्षपदाला भारताचा माजी कप्तान बायचुंग भुतियाला ३३ विरुद्ध १ असं हरवलं. भुतिया २०१४ ला दार्जिलिंगमधून तृणमूलचा उमेदवार होता. म्हणजे महासंघावर बोललं तरी पक्ष येतोच. २०२४ च्या त्याच जूनमध्ये युरो कप चालू असताना फ्रान्सच्या एम्बाप्पेने आपल्या देशातल्या निवडणुकीवर पत्रकार परिषदेत सांगितलं की टोकाचे लोक सत्तेच्या दारात उभे आहेत, तरुणांनी मत द्यावं. आमच्यातल्या ज्यांनी त्याला टाळ्या वाजवल्या, ते आपल्याकडच्या खेळाडूने तोंड उघडलं की “तू खेळ ना बाबा” म्हणतात. उलट बाजूचेही तसेच. आपल्या बाजूचं बोलला तर तो धाडसी असतो, दुसऱ्या बाजूचं बोलला की खेळात राजकारण आणतो.

ऑगस्टमध्ये काकांनी आम्हाला मोबाइलवर कोलकात्याचे व्हिडिओ दाखवले. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीच्या खुनानंतर १८ ऑगस्टची डर्बी, म्हणजे कोलकात्याच्या दोन क्लबांची आपसातली मॅच, रद्द झाली होती, आणि ईस्ट बंगाल, मोहन बागान दोघांचे समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र न्याय मागत होते. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. काका मोहन बागानचं नाव घेताना एरवी तोंड वाकडं करतात. त्या दिवशी गप्प बसून तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते. एक जण म्हणाला, “बघा, राजकारण बाजूला ठेवून एकत्र आले.” काका उखडले. “बाजूला कुठे ठेवलं? रस्त्यावर आणलं म्हणून तर मार खाल्ला!”

त्यानंतर दोन दिवसांनी मी मैदानावर गेलो. कीपर पोरांना डाइव्ह मारायला शिकवत होता, खडीवर पोतं अंथरून. मी फोन करणार होतो आधी, मेसेजही दोनदा लिहून खोडला होता. तिथे उभा राहून माफी मागितली. त्याने पोरांना पाणी प्यायला पाठवलं आणि म्हणाला, “जोकचं काही नाही भो, तशे जोक मी लहानपणापासून ऐकून राहिलो. पण दुसऱ्या दिवशी तू गेटच लावून घेतलं. मले बोलायचं होतं.”

माझा नियम नेमका काय होता ते मला तेव्हा कळलं. माझं बोलून झालं होतं, कोट्यावाल्याचं बोलून झालं होतं. उत्तर द्यायची पाळी त्याची आली आणि मी शिट्टी फुंकली. ‘राजकारण बंद’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो ज्याचा शेवटचा शब्द झालेला असतो. तुमच्याकडे हा नियम कोण मांडतोय आणि त्याच्याआधी शेवटचा मेसेज कोणाचा होता, ते वर सरकवून एकदा बघा.

आता आमच्याकडे बंदी नाही. मॅच चालू असताना नाही, हाफटाइमला चालतं, आणि पंधरा मिनिटांत काका आवाज वाढवतात. निवडणुकीच्या निकालाला एकच गोष्ट पाळतो. हरलेल्याला शेवटचं बोलू द्यायचं, जिंकलेल्याने त्यावर काही लिहायचं नाही. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला, महायुतीची लाट आली. आमचा मँचेस्टर सिटीवाला महाविकासचा. रात्री त्याची सिटी घरच्या मैदानावर टॉटनहॅमकडून ४-० हरली. एका दिवसात दोन्हीकडे आडवा. त्याने पाऊण तास ईव्हीएमवर भाषण ठोकलं, त्यातलं मला अर्धं पटलं नाही, आणि कोणी ब्र काढला नाही. शेवटी तोच कंटाळून म्हणाला, “कोणी काही बोलत का नाही रे?” ४-० वर मात्र आम्ही त्याला सोडलं नाही.

सगळं जुळलं असं नाही. कोट्यावाल्याने माफी मागितली नाही. तो गच्चीवर येतो, कीपरही येतो, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. रविवारी एकाच टीममध्ये खेळतात आणि कीपर त्याला चेंडू देतो, कारण तो लेफ्टला मोकळा असतो.

तुमच्या पाच जणांपैकी शिव्या देऊन गेलेल्यांची फार काळजी करू नका. आमचे आप्पा तसेच गेले. ग्रुपमध्ये अजून नाहीत, पण भारताची मॅच असली की पिशवी घेऊन जिन्यात हजर असतात, आणि पगारवाल्याला बघून अजूनही दोन शब्द ऐकवतात. ज्याची शेवटची ओळ साधी होती, फुटबॉलचीच वाटली असती अशी, त्याच्याकडे आधी जा. मेसेज नको, फोनही नको. मला जायला सव्वादोन महिने लागले, आणि तोवर तो मंगळवारच्या मॅचा एकटा घरी बघत होता.