डेस्कटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एकच सुधारणा सुचवायची झाली तर कोणती सुचवाल? आणि अशा सूचना कोणी वाचतं का?

एकच मागायची तर मी शोध मागेन. मराठी नावाची फाइल शोधली की ती सापडावी, एवढंच. ऐकायला साधं वाटेल, म्हणून आधी काय घडलं ते सांगतो.

मी गावच्या विकास सोसायटीत संगणकाचं काम बघतो. कर्जवाटप, वसुली, सभासदांच्या याद्या. दोन वर्षांपूर्वी वार्षिक सभेच्या तोंडावर चेअरमननी पीकविमा घेतलेल्या शेतकऱ्यांची यादी मागितली. शोधाच्या चौकटीत ‘शेतकऱ्यांची’ टाइप केलं. बऱ्याच फाइली आल्या, पण विम्याची यादी त्यांत नव्हती. आधीच्या सचिवांनी ती केलीच नसेल असं धरून चाललो आणि दोन रात्री बसून कागदी अर्जांवरून सगळी नावं पुन्हा घातली. सभा पार पडली. आठवड्याने भलत्याच कामासाठी एक फोल्डर उघडला, तर यादी समोर. नाव ‘शेतकऱ्यांची यादी पीकविमा’. मी शोधलेला शब्द आणि हा शब्द डोळ्यांना तंतोतंत सारखेच दिसत होते.

फरक होता तो आत साठवलेल्या अक्षरांत. ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबला की ऱ येतो, मग हलन्त, मग य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि मग य. युनिकोडला, म्हणजे संगणकात कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक हे ठरवणाऱ्या मानकाला, दोन्ही चालतात. दुसरा प्रकार जुन्या २.० आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेला आहे. मी इनस्क्रिप्टवाला. आधीचे सचिव उच्चाराप्रमाणे टाइप करायचे आणि त्यांचं साधन दुसऱ्या प्रकारची अक्षरं उमटवायचं. त्यामुळे त्यांची ‘शेतकऱ्यांची’ आणि माझी ‘शेतकऱ्यांची’ संगणकाच्या लेखी वेगवेगळ्या. आता हा ‘ऱ्य’ आपल्या किती शब्दांत आहे ते बघा: कर्मचाऱ्यांचे, अधिकाऱ्यांना, दुसऱ्या, पायऱ्या, व्यापाऱ्यांकडून. सरकारी किंवा सहकारी कचेरीतली अर्धी कागदपत्रं यात येतात.

यावर एखादा प्रोग्रामर पटकन म्हणेल, शोधताना ते न दिसणारं चिन्ह गाळून टाकू. तसं करू नका, हे सूचनेत ठळक लिहायला हवं. चिन्ह गाळलं की र् आणि य उरतात, म्हणजे रफार. मग स्वयंपाक करणाऱ्या ‘आचाऱ्यांना’ आणि मठातल्या ‘आचार्यांना’ एकच शब्द होऊन बसतात. बरोबर उपाय असा: शोधण्याआधी आणि नावांची अनुक्रमणिका करताना दुसऱ्या प्रकारचा ‘ऱ्य’ पहिल्या प्रकारात बदलून घ्यायचा. फाइलच्या मूळ नावाला हात लावायचा नाही, फक्त तुलना करताना दोन्ही एका रूपात आणायचे. ‘ऱ्ह’चंही तसंच, ‘कऱ्हाड’ शोधणाऱ्याला तोच त्रास आहे.

याच जातीचा दुसरा घोळ ॲ चा. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली. त्याआधी लोक अ ला चंद्र जोडून काम भागवायचे, आणि अजूनही कित्येक जण तसंच करतात. म्हणून ‘ॲडव्हान्स’ नावाची नोंद एकाला सापडते, दुसऱ्याला नाही. आकड्यांचंही जोडीनेच मागावं: वर्ष देवनागरीत लिहिलेलं असो वा इंग्रजी आकड्यांत, शोधात दोन्ही यावेत.

(अक्षरांच्या वळणाबद्दलही माझी सूचना आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिले आहेत. मराठी भाषा निवडली की पडद्यावर तीच वळणं आपोआप यावीत. पण तुम्ही एकच विचारलीत.)

आता अशा सूचनांचा उपयोग होतो का? होतो, पण वेळ लागतो. विंडोजच्या नोटपॅडचंच बघा. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर केलेली मजकुराची फाइल त्यात उघडली की सगळ्या ओळी एकाला एक चिकटून यायच्या, कारण ओळ संपल्याची न दिसणारी खूण दोन्हीकडे वेगळी. लोक वर्षानुवर्षं सांगत होते, २०१८ साली ते दुरुस्त झालं. लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये फाइल निवडताना चित्रांचे छोटे नमुने दिसावेत ही मागणी २००४ ची. ती २०२३ मध्ये ग्नोम ४४ मध्ये पुरी झाली. इतकी वर्षं ती जिवंत राहिली, कारण ती नीट लिहून ठेवलेली होती आणि नवे लोक येऊन तिला दुजोरा देत राहिले.

म्हणून कळकळीने सांगतो, ‘मराठीला चांगला सपोर्ट द्या’ असं लिहून पाठवू नका. त्यातून वाचणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही. एका सूचनेत एकच गोष्ट लिहा. दोन रिकाम्या फाइली करा, दोन्हींना दिसायला सारखं नाव द्या, एक या प्रकारे आणि एक त्या प्रकारे टाइप करून. शोधल्यावर एकच येते हे चित्रासह दाखवा. वाचणाऱ्याला मराठीचं एक अक्षर येत नसेल हे धरूनच लिहा. विंडोजवर विंडोजची कळ आणि एफ दाबलं की फीडबॅक हब उघडतं. मॅकसाठी ॲपलचं फीडबॅक असिस्टंट आहे, ग्नोमच्या तक्रारी त्यांच्या गिटलॅब या संकेतस्थळावर नोंदवतात आणि केडीई या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या बगझिला या संकेतस्थळावर. आधी तिथे कोणी हीच तक्रार नोंदवली आहे का ते बघा, असेल तर तिलाच दुजोरा देऊन आपलं उदाहरण खाली जोडा.

तोवर मी काय करतो, तर ‘ऱ्य’पर्यंत जातच नाही. ‘शेतक’ एवढंच टाइप करतो, ‘कर्मचा’ एवढंच टाइप करतो. यादी लांबलचक येते, पण हवी ती फाइल तिच्यात असते.