विमानतळासाठी आर्थिक सल्लागार नेमताना: दराआधी दराचा पाया पाहा

अमेरिकेतील एका लहान शहराच्या मालकीच्या विमानतळाला कर्जरोखे काढून टर्मिनल वाढवायचे आहे, त्या कामी आर्थिक सल्लागारांचे चार प्रस्ताव आले आहेत आणि त्यांतला सर्वांत स्वस्त निवडावा का, असे आपण विचारले आहे. अशा निवडसमित्यांवर मी अनेक वर्षे बसलो आहे. दर किती आहे यापेक्षा तो कशावर आकारला आहे हे आधी पाहावे, असे माझे मत आहे.

पुष्कळ सल्लागार दर हजार डॉलरच्या रोख्यांमागे ठरावीक रक्कम मागतात आणि रोखे विकले गेले तरच ती घेतात. नगरपरिषदेला हे सोयीचे वाटते, कारण चालू अंदाजपत्रकातून काही द्यावे लागत नाही. पण हजारी १ डॉलर दराने ४ कोटी डॉलरच्या रोख्यांवर सल्लागाराला ४०,००० डॉलर मिळतात. त्यानेच खटपट करून केंद्रीय अनुदान आणि प्रवासी शुल्क (तिकिटासोबत विमानतळासाठी घेतली जाणारी रक्कम) यांची सांगड घालून कर्ज अडीच कोटींवर आणले, तर त्याचे १५,००० डॉलर बुडतात. आणि 'हे टर्मिनल तूर्त बांधू नका' असा सल्ला त्याने दिला, तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. एमएसआरबी या नगरपालिका रोख्यांच्या नियामक मंडळाच्या जी-४२ नियमानुसार असा हितसंबंध सल्लागाराने लेखी कळवायचा असतो. मी पाहिलेल्या बहुतेक प्रस्तावांत तो शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतो. तो परिच्छेद बैठकीत मोठ्याने वाचायला लावावा.

शहराकडून रोखे घेऊन पुढे गुंतवणूकदारांना विकणाऱ्या अंडररायटरने 'सल्ला आम्हीच देतो, वेगळा माणूस कशाला' असे सुचवले, तर मोहात पडू नये. आपल्यापुढे तो विकत घेणारा आहे, आपण विकणारे. शहराचे हित स्वतःच्या हिताआधी ठेवण्याचे बंधन त्याच्यावर नाही. म्युनिसिपल ॲडव्हायझरवर, म्हणजे आपण नेमणार त्या आर्थिक सल्लागारावर, ते २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने घातले. पूर्वी ब्रोकर-डीलर (रोख्यांची खरेदी-विक्री करणारी पेढी) असलेला सल्लागार मध्येच राजीनामा देऊन त्याच रोख्यांचा अंडररायटर होऊ शकत असे. एमएसआरबीच्याच जी-२३ नियमातील २०११ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली.

नोंदणीची तपासणी दहा मिनिटांची आहे: संस्था एसईसी (अमेरिकेचा रोखेबाजार नियामक आयोग) आणि एमएसआरबीकडे नोंदलेली हवी, सल्ला देणारा माणूस अशा सल्लागारांसाठीची सिरीज ५० परीक्षा उत्तीर्ण हवा, आणि त्याच्यावर पूर्वी कारवाई झाली असल्यास ती एसईसीकडील फॉर्म एमए-आय मध्ये दिसते.

खरी पारख मुलाखतीत होते. शाळा, रस्ते, पाणीपुरवठा यांचे रोखे उत्तम हाताळणारी मंडळी विमानतळावर अडखळतात, कारण इथे परतफेड मालमत्ता करातून होत नसून विमानकंपन्यांचे भाडे, पार्किंग आणि प्रवासी शुल्क यांवर चालते. मी उमेदवाराला एक साधा प्रश्न विचारतो: वर्षाला २ लाख शुल्कपात्र प्रवासी इथून विमानात चढतात, तर कमाल दराने प्रवासी शुल्काचे किती येतील? घाईत असलेला ४.५० डॉलरने गुणून ९ लाख सांगतो. जाणता मात्र विमानकंपनी प्रत्येक शुल्कामागे ११ सेंट वसुलीखर्च ठेवून घेते हे धरून ८,७८,००० म्हणतो, आणि लगेच विचारतो की एफएए या केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाची शुल्काला मंजुरी किती रकमेची आहे व त्यातली किती आधीच जुन्या कर्जाला बांधली आहे. विमानकंपन्यांशी झालेला करार उर्वरित खर्चाच्या पद्धतीचा आहे की भरपाईच्या, हे ज्याने आपणहून विचारले नाही, त्याला मी गुण देत नाही. पहिल्या पद्धतीत तूट विमानकंपन्या भरून काढतात, दुसरीत जोखीम शहराच्या अंगावर राहते, आणि कर्जाची सारी आखणी त्यावरच बदलते.

एकदा आमच्याकडे मुलाखतीला ज्येष्ठ भागीदार आले आणि काम मात्र वर्षभरापूर्वी रुजू झालेल्या मुलाने केले. मुलगा हुशार होता, पण विमानकंपनीच्या वकिलांसमोर त्याचा निभाव लागला नाही. म्हणून काम करणाऱ्याचे नाव करारात लिहावे आणि परिषदेच्या संमतीशिवाय माणूस बदलता येणार नाही, असे कलम घालावे.

आपल्या चार प्रस्तावांपैकी ताशी किंवा टप्प्यानुसार ठोक मेहनताना मागणारा असेल, तर मी त्याच्याकडे झुकेन. मात्र रोखे निघण्याआधीच त्याची बिले येऊ लागतील. तेव्हा विमानतळाच्या चालू खर्चात त्यासाठी तरतूद करण्याचा ठराव निवडीच्या त्याच बैठकीत मांडावा.