झडीत सोयाबीन लांबट का होतं?

रोपं रात्रीच वाढतात का, आणि झड लागली की सोयाबीन उंच होऊन का लोळतं? दोन्हींचं मूळ एकच.

वाढीची वेळ रोपातलं घड्याळ ठरवतं. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसवर हे सर्वांत नीट उलगडलंय: दिवस लहान असले की कोवळं खोड पहाटेच्या सुमारास सर्वांत वेगानं लांबतं. रात्रीच्या सुरुवातीला घड्याळातली ईएलएफ-३ सारखी प्रथिनं वाढ घडवणाऱ्या ‘पिफ’ प्रथिनांची जनुकं दाबून धरतात. उत्तररात्री तो दाब सुटतो, पिफ साचतं, ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक वाढतं, पेशी लांबतात. पिफवरचा दुसरा अडसर म्हणजे डेला प्रथिनं. ती जिबरेलिन या दुसऱ्या वाढ-संप्रेरकामुळे मोडतात. उजाडलं की फायटोक्रोम हे उजेड ओळखणारं प्रथिन पिफला आवरतं.

म्हणजे लगाम उजेडाचा! दाट पेरणीत पानांतून गाळून आलेल्या प्रकाशात तांबडा भाग कमी असतो, त्यामुळे लगाम दिवसाही ढिला पडतो. झडीत उजेडच कमी, वरून युरिया टाकला तर कांड्या आणखी लांबतात. म्हणून दोन ओळींत ४५ सेंमी, दोन झाडांत ५ सेंमी ठेवा, झडीत युरिया नकोच.

वाढ आवरायला कपाशीवर फवारतात ते मेपिक्वाट क्लोराइड जिबरेलिन तयार होणंच रोखतं. पाण्याचा ताण असलेल्या पऱ्हाटीवर मात्र ते मारू नका. खुंटलेलं झाड आणखी बसतं.