नाशिकच्या ट्रेलसाठी मोटोक्रॉस घ्यावी की एन्ड्युरो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकरोडला राहता, सध्या पल्सर चालवता, उंची पाच फूट सहा इंच, बजेट चार लाख. रविवारी हरसूल, पेठ, त्र्यंबकच्या बाजूच्या कच्च्या वाटा फिरायच्यात. ओळखीतले एक जण जुनी 250 सीसी मोटोक्रॉस (बंद ट्रॅकवरच्या शर्यतीची गाडी) साडेतीन लाखांत द्यायला तयार आहेत, ती घ्यावी का?

नका घेऊ. ट्रेलसाठी एन्ड्युरोच्या, म्हणजे खडबडीत वाटांवर दूरवर जायला बनलेल्या गाड्यांच्या, घराण्यातलीच गाडी घ्या, आणि तीही पासिंग झालेली.

आधी साधी गोष्ट. तुमच्या घरापासून हरसूलची कच्ची वाट सुरू होईपर्यंत अख्खं शहर आणि पुढे चांगला लांब डांबरी रस्ता आहे. मोटोक्रॉसला हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, नंबर नाही, साइड स्टँडसुद्धा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 39 प्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर काढताच येत नाही, आणि नोंदणीच नाही म्हटल्यावर विमा कुठला? म्हणजे दर रविवारी छोटा हत्ती नाहीतर पिकअप ठरवायचा. विकणारा म्हणेल, ‘इम्पोर्टचे सगळे कागद आहेत.’ कस्टमचे कागद वेगळे आणि आरसी बुक वेगळं. एमएच-15 ची पाटी त्या कागदांवर मिळत नाही.

पण समजा पिकअप घरचाच आहे. तरीही माझं उत्तर बदलत नाही, कारण खरा फरक वाटेवर कळतो.

हरसूलकडे पावसाळ्यात एखादा ओढा ओलांडायचा प्रसंग घ्या. तळाला काळ्या दगडाचे नारळाएवढे गोटे, वर शेवाळ, समोर चिखलाचा चढ. इथे वेग कामाचा नाही. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहायचं, नजर पलीकडच्या काठावर, दोन बोटं क्लचवर, आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी चालत्या माणसाच्या वेगाने पुढे न्यायची. पुढचं चाक गोट्यावरून घसरलं तरी इंजिन टुकटुक करत ओढत राहिलं पाहिजे. एन्ड्युरो नेमकं हेच करते. तिचं फ्लायव्हील (इंजिनची फिरती गती टिकवणारी चकती) जड असतं, पहिला गिअर खूप खालचा, म्हणजे हळू पण जोरात ओढणारा, आणि सहावा बराच लांबचा, म्हणजे वेगासाठीचा.

मोटोक्रॉसचं सगळं याच्या उलट. ती बंद ट्रॅकवर अर्धा तास जीव तोडून पळवण्यासाठी बनते. गिअर एकमेकांच्या जवळ, पहिलाच गिअर उंच, फ्लायव्हील हलकं. थ्रॉटल दिला की इंजिन झटकन चढतं, सोडला की तितक्याच झटकन बंद पडतं. मग ओढ्यात तुम्ही सतत क्लच घासत बसता. बहुतेक मोटोक्रॉस गाड्यांना रेडिएटरचा पंखा नसतो. ट्रॅकवर वारा मिळतो म्हणून चालतं, पण आपल्याकडच्या संथ चढावर कूलंट उकळायला वेळ लागत नाही. सस्पेन्शन उंच उडीवरून आपटण्यासाठी कडक केलेलं, त्यामुळे लहान दगडांचा प्रत्येक दणका मनगटात येतो. मागचं चाकही 19 इंची. एन्ड्युरोला 18 इंची असतं, टायरची भिंत उंच मिळते आणि दगडावर रिम वाचते.

देखभालीचा हिशेबही किलोमीटरवर नसतो, तासांवर असतो. रेसिंग इंजिनला दहा-पंधरा तासांत ऑइल, पिस्टनही ठरावीक तासांनी. जुन्या गाडीचं इंजिन किती तास चाललंय हे तासमापक नसेल तर कळणार कसं? साडेतीन लाखांत तुम्ही बहुधा पुढच्या इंजिनकामाचं बिलही विकत घेताय.

अस्सल एन्ड्युरो मात्र तुमच्या बजेटच्या बाहेर आहे. केटीएमची 350 ईएक्ससी-एफ भारतात 2024 मध्ये आली ती जवळपास तेरा लाखांना, आणि तीही रस्त्यासाठी नाही. म्हणून त्या स्वभावाच्या, पण नंबर प्लेट मिळणाऱ्या गाड्या बघा. कावासाकी केएलएक्स 230 मला तुमच्यासाठी सगळ्यात योग्य वाटते: 233 सीसी एअरकूल्ड इंजिन, वजन 139 किलो, पुढे 21 आणि मागे 18 इंची चाक. सीटची उंची 880 मिलिमीटर, तुमचे दोन्ही पाय पूर्ण टेकणार नाहीत, पण मोटोक्रॉसची सीट साधारण 950 असते हे लक्षात घ्या. हिरो एक्सपल्स 200 4व्ही जड आहे, पण पार्ट कुठेही मिळतात आणि पेठच्या बाजारातला मेकॅनिकही ती उघडू शकतो. दूरच्या वाटांवर याचं मोल फार आहे. केटीएम 390 एन्ड्युरो आर ताकदीची आहे, पण पल्सरवरून थेट चिखलात जाणाऱ्याला मी ती सुचवणार नाही. पडल्यावर उचलायची तुम्हालाच आहे, आणि सुरुवातीला पडणं ठरलेलंच.

उरलेल्या पैशांतून आधी एमएक्स (मोटोक्रॉसचे उंच, कडक) बूट आणि नी गार्ड घ्या, मग नॉबी (मोठ्या गुठळ्यांचे) टायर, हँडगार्ड, बॅशप्लेट (इंजिनखालची संरक्षक पत्री). एक्सपल्स घेतली तर मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन-तीन दात मोठं करा, पहिला गिअर खाली येतो. कच्च्यावर टायरची हवा कमी करा, पण 18 पीएसआयच्या फार खाली नको. आपल्या धारदार बेसाल्टवर ट्यूब चिमटून फुटते. पंप, टायर लिव्हर आणि जादा ट्यूब सोबत हवीच.

आणि एक कळकळीचं. गाडीवाट आणि शिवाररस्ता सोडू नका. भाताच्या खाचरांचे बांध चाकाखाली ढासळले की शेतकऱ्याचं पाणी वाहून जातं. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. अंजनेरीच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका नावाची वनस्पती आहे, तिचं नावच या डोंगरावरून पडलंय. पावसाळ्यात त्या पठारावर एक टायर फिरला तरी नुकसान होतं. तिथे चालतच जा.

मोटोक्रॉस घ्यायचीच असेल तर ट्रॅकसाठी घ्या. उड्या, बर्म (वळणावरचे मातीचे उंचवटे), शर्यती यांची ओढ असेल तर तिच्यासारखी गाडी नाही. पण तुम्ही विचारलंय हरसूलच्या वाटांबद्दल. केएलएक्सची टेस्ट राइड घ्याल तेव्हा शोरूमसमोरच्या रस्त्यावर पळवून परत देऊ नका. फूटपेगवर उभे राहा, पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडा आणि थ्रॉटलला हात न लावता गाडी किती हळू चालते ते बघा.