दोन्ही सुयांबद्दल : लसीची वाट बघताना आलेले तुमचे प्रश्न

२०२१ च्या कोविड लॉकडाउनमध्ये काय चाललंय, कुठे अडलंय ते विचारा असं म्हटलं होतं, तर निम्मे प्रश्न लसीचे आले, निम्मे छंदांचे, आणि काहींमध्ये दोन्हीची अशी खिचडी झालीये की वेगळं काढणं मुश्किल. मी पेशाने फॅमिली डॉक्टर आणि फावल्या वेळात क्रोशेवाली, त्यामुळे दोन्ही सुयांबद्दल बोलायचा मला थोडाफार हक्क आहे असं धरून चालते.

प्रश्न : ऑनलाइन बासरी शिकतोय. दहा मिनिटं फुंकलं की डोकं गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. बायको म्हणते कोविड टेस्ट करून घ्या. करू का?

ताप, खोकला, वास जाणं, घरात कोणी पॉझिटिव्ह असणं यातलं काहीही असेल तर वहिनींचं ऐका आणि करा. नसेल, आणि चक्कर फक्त बासरी ओठाला लावल्यावर येत असेल, खाली ठेवल्यावर दोन मिनिटांत जात असेल, तर हे तुमच्या फुंकण्याचं काम आहे. नवीन माणूस सूर लागत नाही म्हणून जोर लावतो, भराभर मोठे श्वास घेतो आणि सोडतो, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको इतका बाहेर पडतो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आक्रसतात, मग गरगरतं आणि बोटांत मुंग्या येतात. ऑक्सिजन तर भरपूरच असतो, म्हणून तुमचं मशीन मजेत ९८ दाखवतंय.

उपाय म्हणजे फुंक कमी करा. ओठांची फट अगदी बारीक ठेवून हळू फुंका, एक सूर धरा, सोडा, दोन साधे श्वास घ्या, मग पुढचा. पाच मिनिटं वाजवून थांबायचं. उभं राहून नको, बसून वाजवा. आणि ऑक्सिमीटरचं म्हणाल तर बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर तो चुकीचं सांगतो, बोट चोळून गरम करा आणि आकडा स्थिर झाल्यावर वाचा. न वाजवता, नुसतं बसलेलं असताना धाप लागली किंवा आकडा ९४ च्या खाली राहिला, तर मात्र थेट डॉक्टर गाठायचा.

प्रश्न : वय २६, घरून काम. वर्षभरात गिटार, वॉटरकलर, एक भाषा आणि योगाचा कोर्स सुरू केला, एकही पूर्ण नाही. मैत्रिणींचे रोज नवीन फोटो येतात. लस मिळून सगळं सुरू झालं की म्हणायला माझ्याकडे काहीच नसेल. मी इतकी आळशी का आहे?

अगं, चार गोष्टी सुरू करणारी मुलगी आळशी कशी असेल? आळशी माणूस एकही सुरू करत नाही, मला चांगलं माहितीये, आमच्या घरात एक आहे.

तुझी गडबड वेगळीच झालीये असं मला वाटतं. मार्च २०२० मध्ये साथ जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्यांनीच मनात धरलं की ही सुट्टी आहे आणि सुट्टीचा हिशोब द्यायचा असतो. सुट्टी नव्हतीच ती. घरून काम, माणसांची काळजी, रोजच्या बातम्या, एवढं सगळं डोक्यावर घेऊन तू संध्याकाळी गिटार हातात घेतेस आणि तिच्याकडूनही रिझल्ट मागतेस! छंदाला दुसरी नोकरी करून ठेवलंयस तू. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना सध्या झोप नीट नाही, लक्ष लागत नाही, आणि ते सगळे स्वतःला आळशीच म्हणतात.

चारातली एकच ठेव. कुठली, तर जी वाईट आली तरी तुला हसू येतं ती. कोर्स बंद कर, बाकीचं सामान कपाटात टाक, फेकू नकोस. आणि महिनाभर त्यातलं काहीही कोणाला दाखवायचं नाही, फोटो नाही, स्टेटस नाही. पहिले चार-पाच दिवस चुकल्यासारखं होईल. झोप मात्र दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल किंवा सकाळी उठूच नये असं वाटत असेल तर हे छंदाच्या पलीकडचं आहे, कोणाशी तरी बोल, लाजू नकोस.

प्रश्न : वय ७१. पहिला डोस झाला. बुद्धिबळाचा मित्र बोलावतोय, त्याचाही एकच झालाय. जाऊ का?

काका, अजून नको. पहिल्या डोसनंतर शरीराची तयारी सुरू व्हायलाच साधारण दोन आठवडे लागतात, आणि पुरेसं संरक्षण दुसऱ्या डोसनंतर अजून दोन आठवड्यांनी. पट मधे ठेवून दोघं समोरासमोर बसता तेव्हा तोंडांमध्ये हातभराचं अंतर असतं, खोली बंद, आणि विचार करताना माणूस अजूनच पुढे वाकतो. यापेक्षा विषाणूला काय हवं? फारच राहवत नसेल तर उघड्यावर, मास्क लावून, लांब बसून नुसत्या गप्पा मारा.

खेळ फोनवर करा ना. दोघांनी आपापल्या घरी पट मांडायचा आणि दिवसाला एक खेळी कळवायची, ‘घोडा एफ ३’ अशी. पूर्वी लोक पोस्टाने असे डाव खेळायचे, महिनोन्‌महिने. फायदा असा की खेळी एकदा सांगितली की मागे घेता येत नाही, तुमचा मित्र ती घेत असणार असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : आयताकृती मफलर विणायला घेतला, त्रिकोण होत चाललाय. क्रोशेची सुई बदलू का?

सुईला नका दोष देऊ! तुमचा ओळीतला शेवटचा टाका पडतोय. खांबाच्या, म्हणजे उंच टाक्यांच्या, ओळीत वळताना आपण तीन साखळ्या घालतो, त्या तीन साखळ्या म्हणजेच त्या ओळीचा पहिला खांब. पुढच्या ओळीत परत येताना शेवटी तो खांब खांबासारखा दिसतच नाही, कडेला बारीक दोरीसारखा पडून असतो, त्यामुळे आपण त्याच्या अलीकडेच थांबतो आणि वळतो. दर ओळीला एक खांब कमी. २० ओळींत २० गेले, झाला त्रिकोण.

तीन साखळ्या घातल्या की तिसरीत लगेच एक सेफ्टी पिन अडकवा, परत आल्यावर शेवटचा खांब बरोबर त्या पिनेत. आणि प्रत्येक ओळ मोजा, टीव्ही बघत विणलं तरी मोजा. झालेलं उसवावं लागेल, इलाज नाही. मी स्वतः एकदा ४० ओळी उसवल्यात, लोकर वळवळीत होते पण विणली जाते.

प्रश्न : मुलगा (१३) ऑनलाइन शाळा संपली की खिडकीत बसून पक्षी बघतो, वहीत काहीबाही लिहितो. वेळ वाया जातोय असं वाटतं.

एडवर्ड जेन्नर माहितीये ना, १७९६ मध्ये देवीची लस टोचणारा? ‘व्हॅक्सिन’ हा शब्दच गायीच्या लॅटिन नावावरून, ‘वाक्का’वरून आलाय, कारण त्याने गायीच्या देवीतलं द्रव्य वापरलं होतं. तर हा डॉक्टर त्याआधी घरटी बघत बसायचा. ककू पक्षी कोकिळेसारखाच दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालतो. जेन्नरने बघितलं की अंड्यातून नुकतंच निघालेलं, पिसं नसलेलं ककूचं पिल्लू त्या घरातली अंडी-पिल्लं स्वतःच पाठीवर घेऊन बाहेर ढकलतं, त्यासाठी त्याच्या पाठीला खळगा असतो आणि बाराएक दिवसांत तो भरून जातो. हे त्याने १७८८ मध्ये छापलं आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेने त्याला सदस्य करून घेतलं. लसीच्या सात वर्षं आधी, पक्ष्यांमुळे! तुमचा मुलगा जेन्नर होईल असं मी म्हणत नाहीये. दिवसभर स्क्रीन बघून थकलेले डोळे लांबवर बघतायत, डोळ्यांचा डॉक्टरसुद्धा हेच सांगेल. वही मात्र वाचू नका, त्याने दाखवली तरच बघा.

प्रश्न : डावखुरा आहे, स्केचिंग करतो. लसीचा नंबर आलाय पण सुई बघितली की मला भोवळ येते. आणि हात दुखला तर चित्रं?

उजव्या दंडावर द्या म्हणून आधीच सांगा, कोणी नाही म्हणत नाही. दंड एक-दोन दिवस दुखतो, थोडी कणकण येऊ शकते. दुखेल म्हणून आधीच पॅरासिटामॉल घेऊन जाऊ नका, नंतर गरज पडली तर घ्या.

भोवळ येते कारण सुई दिसली की रक्तदाब एकदम खाली येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, माझ्या दवाखान्यात चांगले दांडगे लोक पडलेत. युक्ती अशी : खुर्चीत बसून दोन्ही पाय, पोट आणि डावी मूठ १०-१५ सेकंद घट्ट आवळा, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की सोडा, २०-३० सेकंदांनी परत, असं पाचेक वेळा. घरी दोन-चार दिवस प्रॅक्टिस करा. सुई टोचायची तो उजवा हात मात्र सैल हवा, आणि नर्सला आधी सांगितलं तर ती आडवं झोपवून देईल.

नंतर ३० मिनिटं तिथेच बसायचं, पूर्वी कशाची जोरदार अ‍ॅलर्जी आली असेल तर नक्कीच. स्केचबुक घेऊन जा. समोर मास्क लावलेली, अजिबात न हलणारी माणसं ओळीने बसलेली असतात, आणि नाक-तोंड काढायची कटकट नाही.